चौदा घरांची तार

आमच्या तारेवर चौदा घरं होती. चौदा घरांत चौदा टेलिफोन, ओकच्या लाकडाच्या पेट्यांतले, भिंतीला ठोकलेले. रिसीव्हर कानाला लावला की मागे काय काय ऐकू येतं ते मी एकदा आठवडाभर मोजलं. लंबकाची घड्याळं पाच, लाकडी पक्षी बाहेर येऊन ओरडणारं घड्याळ एक, पोपट एक, शिवणयंत्रं दोन, क्रालांचं अकॉर्डियन एक, दम्याची धाप एक. दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकणारी माणसं शून्य. हा शेवटचा आकडा मी मोजलेला नाही, घरोघरी विचारून मिळवलेला आहे.

तार शेतकऱ्यांनी स्वतःच टाकलेली होती. बरीचशी कुंपणावरूनच गेली होती, जिथे फाटक येई तिथे तेवढी उंच चढे, आणि शेवटी पामर्टन गावातल्या एक्सचेंजला पोचे. तिथे गसी प्रुएट बसायची. आयोवातल्या आमच्या त्या भागात तिला गसी कुणी म्हणत नसे, सगळे ‘सेंट्रल’ म्हणत. प्रत्येक घराची घंटेची खूण वेगळी होती. आमची, म्हणजे ब्रॅनमांची, तीन आखूड, समोरच्या टेकाडावरच्या ऑर्फामावशींची दोन लांब आणि एक आखूड. पण तार एकच असल्यामुळे घंटा कुणाचीही असो, ती चौदाही घरांत वाजे. दोन लांब एक आखूड वाजली की ऑर्फामावशी कणकेचे हात पुसून उठायच्या, आणि त्या पोचेपर्यंत बाकीच्यांचे हात आधीच पुसून झालेले असायचे.

मी आदल्या जूनमध्ये एम्स गावच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान शिकून परत आले होते आणि दोन मैलांवरच्या शाळेत शिकवत होते. बाबा मला ‘प्रोफेसर’ म्हणत, विशेषतः गोठा झाडायची वेळ आली की.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी दोन लांब एक आखूड वाजली. त्या वेळी आमचा रिसीव्हर योगायोगानेच माझ्या हातात होता. मी तो पुसत होते.

“ऑर्फामावशी, मी सेंट्रल बोलतेय,” गसी म्हणाली. “शिकागोहून निरोप आहे. डेलिया तुम्हाला फोन करणार आहे. येत्या रविवारी, तीन वाजता, बाळाला घेऊन.”

“काय?” ऑर्फामावशी म्हणाल्या. “मोठ्यानं बोल गं.”

“डेलिया! रविवारी!”

“काय गं? काही ऐकू येत नाही.”

गसीने तिसऱ्यांदा सांगितलं. मावशींनी तिसऱ्यांदा ‘काय’ म्हटलं. मग तारेवर आणखी एक आवाज फुटला, जो इतका वेळ कसाबसा दाबून ठेवलेला होता.

“अगं बाई, डेलिया फोन करणारेय म्हणते ती! तुझी डेलिया! रविवारी तीनला! बाळाला घेऊन!”

मागोमाग शेजारच्या हॉफस्टाडबाईंच्या घड्याळातला लाकडी पक्षी सहा वेळा ओरडला. हॉफस्टाडबाई अर्थातच तिथे नव्हत्या.

डेलिया ही ऑर्फामावशींची एकुलती मुलगी. सहा वर्षांपूर्वी कंपनीची मोठी तार टाकायला जी टोळी आली होती तिच्यात क्लेम नावाचा एक उंच, लाल केसांचा माणूस होता. टोळीतली माणसं आसपासच्या घरांतून जेवायला आणि झोपायला असत. क्लेम टटलांकडे, म्हणजे ऑर्फामावशी आणि एमॉसकाकांकडे, होता. त्याने एमॉसकाकांच्या मक्याच्या शेतात मधोमध एक खांब रोवला, आणि हंगाम संपला तेव्हा डेलियाशी लग्न करून तो तिला शिकागोला घेऊन गेला. दोन्ही गोष्टी त्याने एमॉसकाकांना न विचारता केल्या. “हा खांब उभा आहे तोवर तो माणूस माझ्या दारात उभा राहणार नाही,” असं एमॉसकाका तेव्हा म्हणाले होते. खांब अजून उभा होता. दर वसंतात ते त्याच्याभोवतीने नांगर फिरवत, आणि दर वसंतात थोडं अधिक जवळून.

घरात टेलिफोन आला तोही ऑर्फामावशींच्या हट्टाने. एमॉसकाकांनी त्याला कधी हात लावला नव्हता. त्याच्यासमोरून जाताना ते मान दुसरीकडे वळवत, जसं गावात उधारी थकलेला माणूस दुकानासमोरून जातो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ऑर्फामावशी आमच्या स्वयंपाकघरात बसलेल्या. आईने त्यांच्यापुढे कॉफी ठेवली होती. त्यांनी माझा हात धरला.

“लॉटी, तू शिकलेली आहेस. मला रविवारी ऐकू येईल असं काहीतरी कर.”

त्यांच्या डाव्या कानाने फार पूर्वीच काम सोडलं होतं आणि उजवा अर्ध्या पगारावर होता. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजवाही आणखी वर्षभर टिकला तर नशीब. पण समोरासमोर त्यांचं अडत नसे, कारण एमॉसकाका होते. लोक जे बोलत ते काका त्यांच्या उजव्या कानाशी पुन्हा म्हणत. दुकानात, जेवणाच्या टेबलावर, चर्चमध्येसुद्धा. तीस वर्षांची सवय. पाद्रीबाबा एक वाक्य बोलत आणि मागून काकांचा जाड आवाज तेच वाक्य जरा कापून सांगे. पाद्रीबाबा एकदा आईला म्हणाले होते की कापलेलं प्रवचनच जास्त चांगलं असतं.

“एमॉसकाका ऐकून सांगतील ना,” मी म्हणाले.

“ते?” मावशी हसल्या. “डेलियाची पत्रं मी वाचायला घेते तेव्हा ते गाईला पाणी दाखवायला जातात. आमच्या गाईइतकं पाणी अख्ख्या परगण्यात कुठली गाय पीत नसेल.” मग त्या गंभीर झाल्या. “नातीचं नाव रुबी आहे. मला तिचा आवाज एकदा ऐकायचाय, लॉटी. रडली तरी चालेल. नंतर काय, मग सगळं आठवणीतूनच ऐकायचं.”

मी त्याच संध्याकाळी कामाला लागले. आवाज कमी का येतो त्याचं कारण मला माहीत होतं. तार एक, तिच्यातून येणारी वीज तेवढीच. जितके रिसीव्हर टांगायच्या आकड्यावरून उचलले जातात तितके तिचे वाटेकरी. पण कारण माहीत असणं वेगळं आणि किती ते माहीत असणं वेगळं. मी गसीला सांगून तिच्या बोलायच्या भोंग्यासमोर एक्सचेंजमधलं गजराचं घड्याळ ठेवायला लावलं. इकडे मी मावशींच्या टेलिफोनजवळ आईची शिवणाची फीत घेऊन उभी राहिले. रिसीव्हर कानापासून हळूहळू लांब न्यायचा, टिकटिक ऐकू यायची बंद झाली की अंतर मोजायचं. कुणी रिसीव्हर उचलला की तारेवर ‘खट्’ असा आवाज येतो, त्यावरून वाटेकरी मोजता येत होते.

सुरुवातीला दोन खटके झाले. अंतर साडेचार इंच. मग आणखी तीन. अंतर दोन इंच. मग क्रालांचं अकॉर्डियन मध्येच थांबलं आणि एक खटका झाला.

“हे टिकटिक काय आहे?” क्राल कुणाला तरी विचारत होते.

“श्श!” हॉफस्टाडबाईंचा आवाज. “नीट ऐकू येत नाही.”

पाच मिनिटांत घड्याळाची टिकटिक ऐकायला नऊ माणसं आली होती. रिसीव्हर कानाला दाबून धरला तरी मला घड्याळ आहे की नाही याची शंका येत होती. मावशींना काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, सगळे गोठ्यात दूध काढत असताना, मी पुन्हा मोजलं. एकही खटका नाही. अंतर आठ इंच. मी रिसीव्हर मावशींच्या उजव्या कानाला लावला आणि त्या एकदम म्हणाल्या, “अगं, हे तर घड्याळ आहे!”

तर प्रश्न सोपा होता. रविवारी तीन वाजता तेरा घरांनी आपापले रिसीव्हर आकड्यावर राहू द्यायचे, बस. तेव्हा मी तो मूर्खपणा केला जो फक्त बाहेर चार वर्षं राहून आलेला माणूस करू शकतो. गुरुवारी संध्याकाळी मी खूप वेळ टेलिफोनचं हँडल फिरवलं. एक सलग लांब घंटा म्हणजे सगळ्यांसाठी बातमी, आग लागली किंवा कुणाचे बैल सुटले तर वाजवायची. सगळे तारेवर आले. मी त्यांना विजेचे वाटेकरी समजावून सांगितले, इंच सांगितले आणि विनंती केली की रविवारी कृपा करून कुणी ऐकू नये.

बराच वेळ फक्त पोपट बोलत होता.

“कोण ऐकतंय?” हॉफस्टाडबाई म्हणाल्या. “मी तर कधीच नाही.”

“आमच्याकडेही कुणी नाही,” क्राल म्हणाले.

“आमच्याकडे नाही.” “आमच्या घरात तर नाहीच.” “ब्रॅनमांच्या पोरीला वाटतं आम्हाला दुसरी कामंच नाहीत!” एकामागून एक सगळ्या तारेने सांगितलं की तारेवर कुणी नाही. मग रिसीव्हर खाली ठेवल्याचे खटके ऐकू आले, नेहमीपेक्षा जोरात.

बाबा टेबलाशी बसून हे सगळं पाहत होते. “काय प्रोफेसर, किती इंच?” त्यांनी विचारलं.

शुक्रवारी रस्त्यात भेटलेल्या हॉफस्टाडबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच संध्याकाळी आईने क्रालबाईंना यीस्टसाठी फोन केला तेव्हा मी खटके मोजले. अकरा. आम्हाला चोर म्हटलंस ना, मग हे घे, असा तो आकडा होता.

रात्रीचं जेवण होईपर्यंत मी तोच विचार करत होते. कान बंद करता येत नाहीत, एवढं सिद्ध झालं होतं. माणसं ऐकणारच, कारण डेलियाला त्यांनी लहानाची मोठी होताना पाहिलं होतं. कुणी तिला पोहायला शिकवलं होतं, कुणी तिचा दात दोऱ्याने ओढून काढला होता. ऐकायला त्यांना कोण मना करणार? पण तेरा रिसीव्हरांनी ऐकायला हवंच असं कुठे होतं? आईचं ते मोठं पिवळं भांडं, ज्यात ती केकचं पीठ कालवते, त्यात रिसीव्हर ठेवला तर आवाज घुमतो, हे मी लहानपणी करून पाहिलं होतं. तेरा घरांचे कान एका भांड्याभोवती आणले तर तारेवर वाटेकरी एकच.

“म्हणजे सगळ्यांना ऑर्फाकडे बोलवायचं?” आईने विचारलं.

“हो. पण आता माझ्या बोलावण्याने कोण येणार?”

“बोलावून कोण कशाला येईल?” आई म्हणाली. “बोलावलं म्हणजे तू त्यांना पुन्हा चोर म्हटलंस. ‘तुम्ही ऐकणारच, तर इथे येऊन ऐका.’ तू थांब जरा.”

ती उठली, टेलिफोनपाशी गेली आणि दोन लांब एक आखूड वाजवली. खटके पडेपर्यंत थांबली. मग मावशींना कमी ऐकू येतं या सबबीखाली एकेक शब्द सुटा करून ओरडली.

“ऑर्फा! रविवारी! मी तुझ्याकडे दुपारी अडीचला येते! कॉफी करू मोठ्या किटलीत! माझं पिवळं भांडं आणते, त्यात रिसीव्हर ठेवला की सगळ्या खोलीला ऐकू जातं! आपण दोघीच असू म्हणा! एवढी कॉफी वायाच जाईल!”

“काय?” ऑर्फामावशी म्हणाल्या.

“काही नाही! ठेव!”

आई येऊन बसली आणि तिने विणकाम हातात घेतलं. “झालं,” ती म्हणाली.

रविवारी अडीच वाजता बर्फावरून पहिली घसरगाडी टटलांच्या अंगणात शिरली. क्रालांना म्हणे घोडा जरा फिरवून आणायचा होता, आणि फिरवता फिरवता बायको, दोन मुली आणि डोनटची परडी गाडीत आली होती. पुढचे लोक वाट चुकले होते. या वाटेवर ते चाळीस वर्षं राहत होते. पोपटवाल्या बाई आगपेटी मागायला पोपटासकट आल्या, तो एकटा राहिला की घाबरतो म्हणून. हॉफस्टाडबाई फक्त रस्ता ओलांडून आल्या, कारण त्यांचं घर अगदी समोरच होतं. त्यांच्या हातात अख्खा आल्याचा केक होता.

“सहज आले,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “केक जास्त झाला होता.”

“अख्खा?” बाबांनी विचारलं.

“जास्त झाला की अख्खाच होतो,” हॉफस्टाडबाई म्हणाल्या.

मी दाराशी उभी राहून घरं मोजत होते. पावणेतीनला बारा झाली. तीनला पाच कमी असताना दम्याची धापही आली आणि तेरा झाली. एकूण एकतीस माणसं, केक सात. तारेवरच्या तेरा घरांत आता फक्त घड्याळं होती. खिडक्यांवर वाफ धरली, मुलींना जिन्याच्या पायऱ्यांवर बसवलं, पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले. टेलिफोनखाली उंच स्टूल, स्टुलावर पिवळं भांडं, भांड्यात रिसीव्हर, आणि रिकामा आकडा दोऱ्याने खाली बांधलेला. ऑर्फामावशी शेजारी खुर्चीत, उजवा कान भांड्याकडे. त्यांनी चर्चची टोपी घातली होती.

“एमॉस कुठे आहेत?” आईने हळूच विचारलं.

“गाईला पाणी दाखवायला गेलेत,” मावशी म्हणाल्या. सगळ्या खोलीने टेबलावरच्या केककडे बघितलं.

दोन लांब, एक आखूड.

मावशींनी आकडा मोकळा केला. भांड्यातून आधी खरखर आली, मग गसी, मग आणखी दोन अनोळखी बाया, एकीच्या मागे एक, आणि मग लांबून, पण स्वच्छ, डेलियाचा आवाज.

“आई?”

“बाळा!” ऑर्फामावशी म्हणाल्या. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. “अगं बाळा, तुझा आवाज अगदी तसाच आहे!”

“आई, तुला ऐकू येतंय?”

“येतंय! सगळं येतंय! थंडी आहे का तिकडे?”

एकतीस माणसं एकमेकांकडे बघून हसत होती. हॉफस्टाडबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. डेलियाने तिकडची थंडी सांगितली, क्लेमला बढती मिळाल्याचं सांगितलं. मग ती म्हणाली, “आणि आई, रुबीला…”

खट्.

आवाज एकदम विहिरीत गेल्यासारखा झाला. मला जेमतेम ऐकू येत होतं. मावशींचा चेहरा बदलला. त्या भांड्यात वाकल्या, टोपी भांड्याच्या काठाला लागली.

“काय? रुबीला काय झालं? डेलिया?”

मी खोलीत नजर फिरवली. तेरा घरं. सगळी इथेच होती. एकही माणूस कमी नव्हता. आणि तेवढ्यात भांड्यातून, अगदी बारीक, लाकडी पक्षी ओरडला. एक, दोन, तीन.

सगळ्यांनी हॉफस्टाडबाईंकडे बघितलं.

“मी इथे आहे!” त्या म्हणाल्या, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. “माझं घर रिकामं आहे. कुलूपसुद्धा… कुलूप कोण लावतं?”

“काय म्हणतेय ती?” मावशी रडकुंडीला आल्या होत्या. “कुणी सांगा ना, काय म्हणतेय?”

मी भांड्यावर वाकले, पण मी तोंड उघडायच्या आत भांड्यातूनच एक आवाज आला. जाड, घोगरा, जवळचा, सगळ्या खोलीला ओळखीचा. चर्चमधल्या मागच्या बाकावरचा.

“ती म्हणते, चार दात आलेत.”

क्रालांच्या तोंडातला डोनट तसाच राहिला. आवाजाच्या मालकालाही आपण काय केलं ते कळलं असावं, कारण त्यानंतर फक्त घड्याळाचा लंबक ऐकू येत होता. तीस वर्षांची सवय. ऑर्फाने ‘काय’ विचारलं की सांगायचं.

“बाबा?” डेलिया लांबून म्हणाली. “बाबा, तुम्ही आहात का?”

लंबक.

“एमॉस,” ऑर्फामावशी भोंग्यात म्हणाल्या, अगदी रोजच्या आवाजात, “काय म्हणतेय ती?”

“ती म्हणते,” एमॉसकाका म्हणाले, आणि खाकरले, “मी आहे का.”

“मग तिला सांगा की आहात.”

“…आहे,” एमॉसकाका म्हणाले.

आता डेलिया भरभर बोलायला लागली. मला अर्धंच कळत होतं, पण काकांचे कान घारीच्या डोळ्यांसारखे होते. आणि नेहमीप्रमाणे थोडं कापत ते सगळं सांगत गेले. रुबीचे केस लाल आहेत. ती चमचा फेकते. ती कुणाकडेही जाते, फक्त घरमालकिणीकडे जात नाही.

“हुशार आहे,” हॉफस्टाडबाई म्हणाल्या.

“ती विचारते,” काका म्हणाले आणि थांबले. लंबक दहा-बारा वेळा हलला. “ती विचारते, जूनमध्ये आम्ही येऊ का.”

“आम्ही म्हणजे कोण कोण?” मावशींनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“ती. पोरगी.” मोठा श्वास. “आणि तो.”

“मला काय विचारता? मी काय सांगणार? खांब तुमचा आहे.”

जिन्यावर कुणीतरी हसायला लागलं आणि आईने डोळे वटारले. भांड्यातून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं काकांनी रिसीव्हर ठेवला, पण खटका झाला नव्हता.

“त्याला म्हणावं,” शेवटी एमॉसकाका शिकागोला ओरडले, “खांब तिरका झालाय! ये आणि सरळ कर!”

खोलीत एवढा गलका झाला की पोपटही ओरडला. बाबांनी क्रालांच्या पाठीत थाप मारली. आई म्हणत होती, “श्श! श्श!” कारण भांड्यात आता आणखी काहीतरी चाललं होतं. शिकागोत एवढ्या आरडाओरड्याने कुणीतरी जागं झालं होतं.

“आता काय?” मावशी म्हणाल्या. “एमॉस, काय झालं?”

“ती रडतेय.”

“डेलिया?”

“नाही. छोटी.”

“कशी रडतेय?”

“कशी म्हणजे… मोठ्यानं.” काका शब्द शोधत होते. “आधी थांबते जरा. मग… एकदम. तोंड वासून, अशी. तुला कसं सांगू, ऑर्फा, ती…”

“एमॉस,” ऑर्फामावशी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी भांडं धरलं होतं. “प्रवचन तुम्ही सांगा. हे सांगता येत नाही. ठेवा तो खाली. मला ऐकू दे.”

भांड्यात बारीक रडणं आणि लंबक. मी तो क्षण मोजला नाही. एमॉसकाकांनी आपल्या नातीचा आवाज नुकताच पहिल्यांदा ऐकला होता, आणि आता तो त्यांना हातातून खाली ठेवावा लागणार होता.

खट्.

आणि रुबी खोलीत आली. भांडं तिच्या रडण्याने भरून वर आलं. आधी थांबायची, मग एकदम, तोंड वासून, काकांनी सांगितलं होतं अगदी तशीच. मावशींनी कान जवळ नेलाच नाही, त्या उलट जरा मागे सरल्या. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “काय गळा आहे!” त्या म्हणाल्या. “अगं बाई, काय गळा आहे हिचा! रड, रड!”

बाहेर बर्फात कुणाचीतरी धावती पावलं वाजली. ओसरीवर ती अडखळली. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं. एमॉसकाका उंबरठ्यावर उभे होते, डोक्यावर टोपी नाही, कोटाची बटणं उघडी, गुडघ्यापर्यंत बर्फ. समोर एकतीस माणसं होती, त्यामुळे आत यायला जागा नव्हती. ते तिथेच थांबले. धाप लागलेली, मान जराशी कलती. रुबी अजून रडत होती.

“रडतेय,” त्यांनी बायकोला सांगितलं.

“ऐकू येतंय मला,” ऑर्फामावशी म्हणाल्या.

सगळे गेल्यावर मी आईची फीत घेऊन भांड्याच्या काठापासून त्या उंबरठ्यापर्यंतचं अंतर मोजलं. अकरा फूट चार इंच.